चौरस फुटांतला चौरस आहार

पाककृतीच्या पुस्तकात साहित्य असते, कृती असते, किती माणसांना पुरेल हेही असते. हे सगळे मांडायचे कुठे, हे मात्र नसते. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे माप देऊन असंख्य नवशिक्यांना तारले, ती वाटी ठेवायला ओट्यावर जागा आहे, एवढे मात्र त्यांनी गृहीत धरले. मुंबईत बीडीडी चाळीतली अख्खी खोली १६० चौरस फुटांची. त्यातून झोप, अभ्यास, आजारपण आणि गणपती वजा जाता उरेल ते स्वयंपाकघर. अशा ठिकाणी वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पोळ्या असा चौघांचा बेत तडीस नेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन.

प्रथम ओटा रिकामा करावा. तो दोन हात लांब असतो. त्यातला एक हात शेगडीचा, दुसऱ्यावर दुधाचे पातेले, मिक्सर आणि मिसळणाचा डबा. पातेले फ्रिजवर न्यावे. फ्रिजवरचे औषधांचे खोके कपाटावर, कपाटावरच्या बॅगा पलंगाखाली. पलंगाखाली तांदळाचा डबा आहे. तो आपल्याला हवाच होता. बाहेर काढून ओट्यावर ठेवावा. ओटा पुन्हा भरला, पण आता स्वयंपाक सुरू झाला असे म्हणता येते.

पुढे कुकर. जागा संपली की मुंबई जे करते तेच कुकर करतो: वर चढतो. तळाला पाणी, त्यावर हिंग-हळद घातलेली तूरडाळ, तिच्या डोक्यावर तांदूळ आणि सर्वांत वर सालासकट बटाटे. आत दाब वाढला की पाणी शंभराऐवजी साधारण १२० अंशांना उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. दाब उतरण्यापूर्वी झाकणाशी झोंबू नये.

शिट्ट्या ३. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात भिंत पातळ, आणि मजल्यावरचे सगळे कुकर एकाच सुमाराला चढलेले. शेजारची शिट्टी आपल्या खात्यात धरून गॅस बंद केला, तर डाळ दाताखाली येते. आपली त्यांच्या खात्यात गेली, तर भाताची पेज. तेव्हा आपली शिट्टी ओळखायला शिकावे. आपली जरा घोगरी असते आणि तिच्याबरोबर भिंतीवर पिवळे पाणी उडते. तरीही शंका असल्यास गॅलरीत येऊन विचारावे, “वहिनी, आत्ताची तुमची की आमची?” या प्रश्नाचे चाळीत कोणालाही नवल वाटत नाही.

कणकेची परात ओट्यावर मावत नाही. ती जमिनीवर घेऊन दाराशी मांडी घालून बसावे. दार उघडत नाही, त्यामुळे ऐनवेळचा पाहुणा आपोआप बाहेर थांबतो. मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली २० मिनिटे मुरू द्यावी. याच अवधीत घरातले कोणीतरी येऊन “मी काही मदत करू का?” असे विचारते. संपूर्ण कृतीतली ही सर्वांत धोक्याची पायरी. त्याला आत घेऊ नये. लसणाचा गड्डा देऊन गॅलरीत पाठवावे, भाजीत लसूण घालायचा नसला तरी.

फोडणीआधी दोरीवरचे कपडे काढावेत, नाहीतर उद्या शर्टाबरोबर हिंगही मुलाखतीला जातो. मोहरी तडतडून मिरची पडली की खोकला सुरू होतो. तो कोणत्या खोल्यांतून येतो यावरून वाऱ्याची दिशा कळते. साधे वरण बिनफोडणीचे का, यावर बरेच सात्त्विक बोलले जाते. आमच्या मते एका बर्नरवर भाजी आणि दुसऱ्यावर तवा होता, एवढेच.

पोळी लाटताना उजवे कोपर फ्रिजला लागते आणि डावे भिंतीला. कोपरे अंगाशी धरून लाटल्यास पोळ्या लहान होतात, पण जास्त होतात, आणि घरातले मोजणारे संख्याच मोजतात. जेवणाऱ्याला पोळी तव्यावरची हवी असते. लाटणारीला तशी कधी मिळते, हे कोणत्याही कृतीत आम्हाला सापडले नाही. म्हणून आमचा नियम असा: गरम पोळी मागेल त्याने पुढची लाटावी. ओट्याशी जागा एकाचीच असल्यामुळे आधीच्या व्यक्तीला पानावर बसण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

वाढताना मात्र हयगय नको. मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी, समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. ओट्यावर धड वाटी ठेवता येत नसली, तरी ताटात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली आहे आणि तिथे अतिक्रमण चालत नाही.

उष्टी भांडी रात्रभर ठेवून देणे ही मोठ्या स्वयंपाकघरवाल्यांची चैन. इथे मोरी एकच, आणि सकाळी तिथेच आंघोळीची रांग. भांडी आजच घासावी लागतात. त्यासाठी गॅलरीतून मघाच्या मदतनिसाला बोलवावे. त्याचा लसूण एव्हाना सोलून झाला असेल.