रामदासपेठेतील अर्जसम्राटांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री करिअर मार्गदर्शक महोदय यांसी, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आमच्या रुग्णालयातल्या बिलिंग काउंटरच्या आणि इतर जागांसाठी आलेले अर्ज वाचून झाले आणि आपले जाहीर आभार मानल्याशिवाय राहवेना. नागपूरच्या रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्या वाचता वाचता माणूस थकतो. त्या गर्दीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर ‘इंटरव्ह्यू कॉलची शंभर टक्के हमी’ असा फ्लेक्स लावून आपण बेरोजगारांची नाडी पाहता, हे आम्हा शेजाऱ्यांचं केवढं भाग्य!

आपल्यामुळे माझा किती वेळ वाचला म्हणून सांगू? आपण लिहून दिलेलं एक कव्हर लेटर वाचलं की पुढची वाचावीच लागत नाहीत. सगळेच उमेदवार ‘डायनॅमिक’, सगळेच ‘रिझल्ट ओरिएंटेड’, सगळ्यांनाच ‘आपल्या नामांकित संस्थेच्या प्रगतीत योगदान’ द्यायचं आहे. रिसेप्शनिस्ट, ड्रायव्हर, लॅब टेक्निशियन, सगळ्यांच्या अंगी तेच गुण त्याच क्रमाने उतरले आहेत. आर्वीची मुलगी आणि आरमोरीचा मुलगा यांच्यात आपण तसूभरही फरक राहू दिला नाही. इतकी समता आणायला संतांनाही जमलं नव्हतं.

मराठी कारकुनाच्या परंपरेचं आपण केलेलं कल्याण तर काय वर्णावं! यादवांच्या दरबारातले हेमाडपंत तेराव्या शतकातले. त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं ‘मेस्तक’ पत्र कोणाला कसं लिहावं याचे धडे देतं: वडिलांना कोणता मायना, गुरूला कोणता, राजाला कोणता. समोरचा माणूस बदलला की पत्र बदलतं, एवढी साधी गोष्ट. सातशे वर्षं लोक उगीच ती पाळत बसले. आपण एका फटक्यात सगळ्यांची सुटका केली. पत्र एकच, जाईल तिथे जाईल.

आणि ते कुठेही जातं, हेही खरं. एका मुलीने मला कळवलं आहे की धंतोलीतल्या अमुक रुग्णालयात सेवा करणं हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. मी रामदासपेठेत बसते. दुसऱ्या एका पत्रात ‘इथे संस्थेचे नाव लिहा’ ही आपली सूचना जशीच्या तशी आहे, चौकटी कंसासकट. आपल्या हातची मूळ प्रत पाहायला मिळाली, धन्य झाले. त्या धंतोलीच्या स्वप्नवाल्या मुलीला मात्र कळणारच नाही की अमुक रुग्णालयाने तिला का बोलावलं नाही, आणि आम्हीही का बोलावलं नाही.

महोदय, आपल्या एका विद्यार्थ्याला मी मुलाखतीला बोलावलं होतं. खोटं कशाला बोलू, पत्रामुळे नाही, बी.कॉम.चे गुण बरे होते म्हणून. देवळीकडचा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, आपल्या नावाची प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरलेली. पत्रात ‘सिनर्जी’ लिहिलं होतं. मी विचारलं, म्हणजे काय हो? तो कागदाकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाणी दिलं, मग विचारलं, आजवर काय काम केलंस ते सांग. म्हणाला, काही नाही मॅडम, फ्रेशर आहे. घरचं काही? तेव्हा हळूहळू निघालं. तीन सीझन तो गावाजवळच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर बसत होता. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग रात्री दोन-दोनपर्यंत हलत नाही. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलाव्याची कपात, पावती, चुकारा. समोर दिवसभर ताटकळलेला शेतकरी, वजनावरून तावातावाने भांडणारा. हा पोरगा त्याला आकडा दाखवून, समजावून, चहा पाजून पाठवायचा. हिशेबात रुपयाचा फरक आला नाही कधी.

मी म्हटलं, अरे, मग हे पत्रात का नाही?

तो म्हणाला, ‘ते लिहाचं असते का मॅडम? सरांनी सांगितलं होतं, फॉरमॅट बदलवू नका.’

हे वाक्य ऐकल्यापासून मी आपली विशेष ऋणी आहे. बिलिंग काउंटरवर काय चालतं ते आपल्या कार्यालयातून चार पावलं उतरून कोणत्याही रुग्णालयात पाहता येईल. डिस्चार्जच्या दिवशी थकलेले, घाबरलेले, पैशांची जुळवाजुळव करून आलेले नातेवाईक, आणि समोर आकड्यांचा कागद. आम्हाला नेमका हाच मुलगा हवा होता. तो आपल्याकडे आला, खुर्चीवर बसला, आपण त्याच्याकडून पैसे घेतले आणि त्याला एकही प्रश्न विचारला नाही. उलट त्याच्याकडे जे होतं तेही झाकून पाठवलंत. किती हा संयम!

त्याच्या पत्राला किती ओळी लागल्या असत्या? ‘आपल्या जाहिरातीतील बिलिंग सहायक या पदासाठी अर्ज करीत आहे. जाहिरातीत रोख व्यवहाराचा अनुभव आणि लोकांशी बोलण्याची सवय मागितली आहे. तीन हंगाम मी जिनिंगच्या वजनकाट्यावर पावत्या आणि चुकाऱ्याचा हिशेब सांभाळला. टॅली येते. रुग्णालयात काम केलेले नाही, पण रात्रपाळीची सवय आहे. भेटीस बोलावल्यास मूळ कागदपत्रे घेऊन येईन.’ खाली नाव आणि चालू असलेला मोबाइल नंबर. झालं. जाहिरातीने काय मागितलं आणि माझ्याकडे त्यातलं काय आहे, याचं पानभराच्या आतलं उत्तर. बायोडाटा सोबत असतोच, तो पुन्हा उतरवायचा नसतो. हे मराठीतही लिहिता येतं, आणि इंग्रजीत लिहायचं तर स्वतःला उच्चारता येतील अशा शब्दांत.

आपण थोर मंडळींचे दाखले देता असं ऐकते. मग हेही आपल्या चरणी ठेवते. 1482 च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचे सत्ताधारी लुडोविको स्फोर्झा यांना नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्यात आधी झटपट उभारता येणारे पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं असे मुद्दे एकामागून एक. चित्रकला अगदी शेवटी, जाता जाता. कारण मिलानच्या दरबाराला तेव्हा युद्धाची चिंता होती, हे त्याने आधी पाहिलं. आपल्याकडे आला असता तर आपण त्यालाही ‘हार्डवर्किंग’ आणि ‘पंक्च्युअल’ करून पाठवलं असतं.

1974 साली बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात पाहिली. महिलांनी अर्ज करू नये, असं त्यात छापलं होतं. त्यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पोस्टकार्ड, महोदय. बोलावणं आलं, पुण्याला मुलाखत झाली आणि त्या टेल्कोतल्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. ज्या टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी आपल्या नागपुरात सुरू झाली, त्याच घराण्यातली ही गोष्ट, म्हणून नागपूरकराला अंमळ जवळची. त्या कार्डावर फॉरमॅट नव्हता, जागा जेमतेम वीतभर. पण लिहिणारीला काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते कोणाला म्हणायचं हे ठाऊक होतं.

शिक्षणात पडलेला खंड झाकण्याची आपली हातोटी तर विलक्षणच. एका मुलीच्या पत्रात दोन वर्षं ‘कौशल्यविकासात व्यतीत’ झाल्याचं वाचलं. मुलाखतीत कळलं, आईचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून दोनदा गोंदियाहून रेल्वेने घेऊन यायची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणता कागद लागतो, कोणत्या खिडकीवर लागतो, रेशनकार्डावर नावात चूक असेल तर काय करायचं, हे तिला तोंडपाठ. रुग्णालयाच्या मदत कक्षात बसायला याहून मोठी पात्रता मला माहीत नाही. आपण ती पुसली आणि जागी ‘कौशल्यविकास’ बसवला. आई गेली हो तिची. ती दोन वर्षं लपवण्यासारखी नव्हती.

1912 च्या फेब्रुवारीत मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनीसाठी एका तरुणाने अर्ज केला. मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत शिकलो, अडचणींमुळे पुढे जाता आलं नाही, सगळा वेळ गणिताला देतो, असा अर्थ. थोडक्यात आणि सरळ. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांची शिफारस. 1 मार्चपासून महिना तीस रुपयांवर तो रुजू झाला. श्रीनिवास रामानुजन. खंड त्याच्याही शिक्षणात होता. त्याने तो एका वाक्यात सांगितला आणि पुढे गेला.

हल्ली आपण फारच प्रगती केली आहे म्हणे. पत्रं आता चॅटजीपीटीकडून काढून घेता. माझी त्या यंत्राबद्दल काही तक्रार नाही. त्याला जिनिंगचा काटा सांगितला असता तर त्याने तोही लिहून दिला असता. पण सांगायला आधी विचारावं लागतं. मुलाशी दहा मिनिटं बोलावं लागतं, जाहिरात एकदा वाचावी लागते. फी त्याच दहा मिनिटांची असते, अशी माझी समजूत होती.

हजार-दीड हजार. आपल्याला ती रक्कम किरकोळ वाटत असेल. विद्यापीठाच्या रामदासपेठेतल्या ग्रंथालयात सकाळी जागा धरून बसणारी पोरं दुपारी खाली येतात, चहा आणि तर्री-पोह्यांवर संध्याकाळ काढतात. गावाकडून महिन्याला किती पैसे येतात आणि खोलीभाडं गेल्यावर किती उरतात, हे त्यांना विचारून पाहा. त्यातले हे पैसे आहेत. ते देतात, कारण इंग्रजी पत्राची भीती वाटते आणि आपण ती भीती मोठी करून ठेवली आहे.

आता शेवटची विनंती, हात जोडून. त्या देवळीच्या मुलाला आम्ही घेतलं. तो कामाला लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोच आपल्या फ्लेक्सवर त्याचा फोटो आला: ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. रोज येता-जाता पाहते. फोटो काढा असंही म्हणत नाही. फक्त त्याखाली त्याने काय केलं होतं ते लिहा: तीन सीझन जिनिंगचा काटा, हिशेबात फरक नाही. तेवढी ओळ लिहा, म्हणजे जिना चढून येणारं पुढचं पोर ती वाचेल आणि आपल्यासमोर बसल्यावर स्वतःबद्दल बोलायला लागेल. त्या वेळी कृपा करून त्याला थांबवू नका. आणि ज्यांना कुठूनच बोलावणं आलं नाही, त्यांचे पैसे परत करा. हमी शंभर टक्क्यांची होती, ती आपणच दिली होती.

बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा.

आपली,
रामदासपेठेतील एक अर्ज वाचणारी