सदर मांजर

बिडकीनमध्ये अण्णांना मोजणीअण्णा म्हणतात. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांची हयात गेली. शंकू-साखळी आणि प्लेन टेबलाच्या काळात नोकरीला लागले, रोव्हर आल्यावर निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांनी इतक्या सख्ख्या भावांच्या मध्ये दगड रोवले, की लग्नाच्या पंगतीत त्यांना बसवायचं कुठे हा यजमानाला प्रश्न पडतो. डावीकडचेही त्यांच्याकडे पाठ करून बसतात आणि उजवीकडचेही. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. "दोन्ही पार्ट्या नाराज असल्या म्हणजे मोजणी बरोबर," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

नोकरी सुटली तरी नजर सुटली नाही. देवळात हात जोडून उभे असले तरी सभामंडप उत्तरेला दीड हात रस्त्यात आलाय हे त्यांच्या मनात चालू असतं. हॉटेलात चहा प्यायला बसले की टेबल नेमकं कुणाच्या हद्दीत आहे ते आधी विचारतात. एकदा एका मयतीला गेले होते. सगळे खाली मान घालून उभे असताना अण्णांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "हा ओटा कोणत्या गटात येतो हो?"

अशा माणसाच्या नशिबी बिडकीनचीच जमीन यावी, हा विनोद सरकारने केला. तुरीच्या, कपाशीच्या, बाजरीच्या ज्या शेतांचे बांध अण्णांनी तरुणपणी वीत-वीत वाद ऐकून कायम केले, ती शेतं शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रात गेली. 7,855 एकरांचा बिडकीनचा टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा गावात कुणी मावेजाचा हिशेब करत होतं, कुणी पोराला नोकरी लागेल का ते विचारत होतं. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "बांध गेले." सेक्टरला सेक्टर लागलेले सरळसोट प्लॉट, रुंद रस्ते, कुठे तंटा नाही, कुठे सरकलेला दगड नाही. आयुष्यभर खेटरं झिजवून राखलेल्या हद्दींची कुणाला गरजच उरली नाही. आणि नेमक्या त्याच सुमारास, जिला जन्मात हद्द ठाऊक नाही अशी एक मांजर त्यांच्या घरात आली.

मांजर आणली अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. गावातल्या धाब्याच्या घरातून पैठण रस्त्याकडच्या नव्या प्लॉटिंगमध्ये राहायला गेल्यावर त्यांना करमेना, म्हणून जिजीच्या घरून त्यांनी एक तांबूस पिल्लू उचललं. काकू तिला मनी म्हणतात. अण्णा कोणत्याच प्राण्याला नाव घेऊन हाक मारत नाहीत. ते तिला 'सदर मांजर' म्हणतात. "सदर मांजराने दूध घेतलं का?" "सदर मांजर माझ्या चष्म्याच्या घरावर बसलंय."

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी जाहीर केलं की सदर मांजर घराबाहेर जाणार नाही. प्लॉटच्या चतुःसीमा त्यांनी तिला उचलून दाखवल्या: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस शेजाऱ्याची भिंत, दक्षिणेस नाली, उत्तरेस मोकळा प्लॉट. मांजरीने जांभई दिली.

अण्णांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पैठण रस्त्यावरून रात्रंदिवस हायवा धावतात. मोकळ्या प्लॉटवर कुत्र्यांच्या टोळ्या असतात. शेताकडेचे लोक उंदरांना झिंक फॉस्फाईड घालतात आणि विष खाल्लेला झिंगलेला उंदीर मांजरीला फारच सोपा सापडतो. वर मांजर बाहेर भटकून, कुत्र्याशी भांडून आली आणि कुणाला चावली, की रेबीजच्या सुया माणसाला घ्याव्या लागतात. हे सगळं अण्णांनी एका कागदावर अ, ब, क, ड असं लिहून फ्रिजवर चिकटवलं.

विरुद्ध पक्षाची बाजू जिजीने मांडली. जिजी म्हणजे गावातल्या जुन्या घराची शेजारीण. वय कुणालाच माहीत नाही, आवाज सगळ्यांना माहीत आहे. भाजी घेऊन परतताना ती काकूंच्या ओसरीवर टेकली आणि खिडकीच्या जाळीमागची मांजर पाहून कडाडली, "कामून कोंडू राहिला रे भाऊ तिला? तिनं काय घात केला तुह्या घराचा? तिच्या मायची माय माह्या कणगीखाली व्याली. सात घरं फिरवल्याशिवाय मांजर पिल्लू वाढवत नाही, अन् तू तिला एक घर देऊ राहिला!"

अण्णा म्हणाले, "जिजी, तुमच्या काळी रस्त्यावर बैलगाड्या होत्या."

"मग गाड्या कोंड की!"

हे प्रकरण यथावकाश चहाच्या हॉटेलात गेलं, कारण बिडकीनमध्ये कोणतंही प्रकरण शेवटी तिथेच वर्ग होतं. शाळेतले एक गुरुजी जिजीच्या बाजूने उभे राहिले. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय, असं त्यांनी सांगितलं. धान्याला उंदीर लागले, उंदरांमागे मांजर आलं. कुणी त्याला दावं लावून आणलं नाही, ते आपल्या पायांनी आलं. "जे आपल्या पायांनी आलं, ते आपल्या पायांनीच जाईल-येईल," असा गुरुजींचा निष्कर्ष. टेबलावर थाप पडली. चहाचे पैसे अण्णांना द्यावे लागले.

पण अण्णा हार मानणाऱ्यांतले नाहीत. पुण्यातल्या भाच्याने त्यांच्या फोनवर एक बातमी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात ती घेऊनच आले. जर्मनीत वॉलडॉर्फ नावाचं गाव आहे. सॅप नावाच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय तिथंच. त्या गावाच्या दक्षिण भागात 2022 च्या मे महिन्यात हुकूम निघाला की ऑगस्टअखेरपर्यंत मांजरं घरातच ठेवावीत. कारण काय, तर जमिनीवर घरटं करणारा तुरेवाला चंडोल तिथे अगदी थोडा उरलाय आणि मांजरं त्याची पिल्लं खातात. हुकूम मोडला तर पाचशे युरो दंड आणि मांजराने चंडोल मारलाच तर पन्नास हजार युरोपर्यंत.

"पन्नास हजार!" हॉटेलवाल्याच्या हातातली किटली थांबली. "एका चंडोलाला?"

"आणि सूट कुणाला?" अण्णांचा आवाज चढला. "ज्याचं मांजर दोन मीटरच्या दोरीवर आहे त्याला. नाहीतर ज्याच्या मांजराचं जीपीएस दाखवतं की ते बंदीच्या क्षेत्रात गेलंच नाही, त्याला! जीपीएस, गुरुजी! मांजराची मोजणी करतात तिथले लोक!"

त्या क्षणी अण्णांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते निवृत्तीच्या निरोप समारंभातही कुणी पाहिलं नव्हतं. जगात कुठेतरी आपलं खातं मांजरापर्यंत पोचलंय, याचा तो आनंद होता.

इकडे घरी मात्र बंदोबस्त ढिला पडत होता. खिडक्यांना जाळ्या, मागच्या गॅलरीला हिरवी नेट, दारावर 'दार ओढून घ्यावे' अशी पाटी, सगळं झालं. मांजर दिवसभर आत झोपायची. दूधवाल्याने सकाळी दार उघडलं, की त्याच्या पायांमधून निघून जायची. एकदा काकूंच्या पदराआडून गेली. एकदा तर अण्णाच पाटी नीट वाचता येते का हे पाहायला बाहेर उभे राहिले, तेवढ्यात गेली. आत असली की रात्रभर दाराशी बसून अशी ओरडायची की शेजाऱ्याने विचारलं, "अण्णा, घरात लहान बाळ आलं का?" तालुक्याच्या गावच्या पशुवैद्यांनी सांगितलं, की आधी नसबंदी करा, रेबीजची लस द्या. ओरडणं थांबेल आणि दर काही महिन्यांनी पिल्लांची नवी तुकडीही येणार नाही. ते करून झालं. ओरडणं थांबलं, जाणं थांबलं नाही.

तेव्हा अण्णांनी ठरवलं की मोजणीच करायची. अतिक्रमण काढायचं, तर ते आहे कुठवर, हे आधी कळायला हवं.

पहाटे मांजर निघाली. तिच्यामागे टेप, पाटी, शिसपेन्सिल आणि डोक्याला मफलर बांधलेले अण्णा. नव्या प्लॉटिंगची मागची भिंत, तिथून शेवग्याचं झाड, तिथून नालीवरची फरशी आणि पुढे जुनं गाव. जुन्या गावातली धाब्याची घरं एकमेकांना अशी चिकटलेली आहेत, की मांजर एकदा वर चढली की पाय जमिनीला न लावता अर्धी आळी ओलांडते. अण्णा खालून बोळाबोळातून वर बघत चालले. ज्या भिंतींवरून भावकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चाललेत, त्यांच्यावरून मांजर शेपटी उभारून गेली. कुणी हरकत घेतली नाही.

आठ दिवसांत नकाशा तयार झाला. अण्णांनी त्याला 'क' प्रत म्हटलं आणि खाली सही केली. त्याबरोबर जे निघालं त्याने ते हादरले. जिजीच्या धाब्यावर सदर मांजराचं नाव भवानी. किराण्याच्या गोदामात ती शेठाणी. पिठाच्या गिरणीवरचे चाचा तिला बिल्लो म्हणतात. दूध डेअरीवरची पोरं पोलीसबाई म्हणतात, कारण रोज सात वाजता हप्ता वसूल करायला येते. प्रत्येकाने अण्णांना सांगितलं, "आमचीच आहे ती."

त्या रात्री अण्णांनी मांजरीचा सातबारा लिहिला. भोगवटादार या रकान्यात आधी स्वतःचं नाव घातलं, काकूंनी ते खोडून आपलं घातलं. 'इतर अधिकार' हा रकाना मात्र पुरेना. जिजी, उन्हात झोपण्याचा हक्क. किराणा गोदाम, उंदीर काढण्याचा हक्क. गिरणी, पिठात लोळण्याचा हक्क, चाचांचा तोंडी करार. खाली नमुना बारा: पीक उंदीर, हंगाम बारमाही, जलसिंचनाचं साधन डेअरी.

आणि पिकाच्या यादीत आणखी एक नोंद अण्णांना करावी लागली. मोकळ्या प्लॉटमधून मांजरीने एके सकाळी एक पिल्लू आणून ओसरीवर ठेवलं. गुरुजींनी ओळखलं, चंडोलाचं. कारखाने उभे राहीपर्यंत ओस पडलेल्या त्या प्लॉटांवर गवत माजतं, आणि चंडोल, टिटवी तिथेच जमिनीवर अंडी घालतात. वॉलडॉर्फची बातमी बिडकीनला चालत आली होती. हॉटेलात इतके दिवस जिजीची वकिली करणारे गुरुजी त्या दिवशी चहा न पिताच उठले.

मग अण्णांनी सुनावणी लावली. जागा काकूंची ओसरी, वेळ रविवारी दहा. सगळे हितसंबंधी आले. चाचा म्हणाले, मांजर कोंडली तर गिरणीत उंदीर नाचतील. किराणावाल्याने पोत्यांना पडलेली भोकं दाखवायला एक रिकामं पोतंच आणलं. गुरुजी चंडोलाकडून बोलले. जिजीने एकाच मुद्द्यावर जोर दिला, "वहिवाट हाय तिची. पिढ्यान्‌पिढ्याची वहिवाट."

'वहिवाट' ऐकलं आणि अण्णा थबकले. हा शब्द त्यांच्या वर्मी लागतो. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदार अडथळा काढायला लावतो. स्वतः त्यांनी अशा किती वाटा नकाशावर तुटक रेषेने दाखवल्या होत्या! मालकी एकाची, पाय दुसऱ्याचे. आयुष्यभर ठळक रेषा मारणाऱ्या माणसाने तुटक रेषाही तितक्याच इमानाने मारल्या होत्या.

निकाल दहा मिनिटांत आला. दिवसा वहिवाट कायम. पण मांजर शिकारीला निघते ती तिन्हीसांजेला आणि पहाटे, कुत्रीही तेव्हाच मोकाट असतात आणि हायवाच्या ड्रायव्हरला अंधारात मांजर दिसत नाही. सबब संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत सदर मांजर घरात राहील. गोदाम आणि गिरणी यांना सेवा दिवसपाळीत मिळेल. विष घालणाऱ्यांनी पिंजरा वापरावा. आणि चंडोलाच्या हितासाठी मांजरीच्या गळ्यात घंटा.

घंटा म्हटल्यावर सभेत शांतता पसरली. उंदरांच्या सभेपासून अडलेला प्रश्न तो. काकू आत गेल्या, वासराच्या गळ्यातलं जुनं घुंगरू सैल रबरात ओवून आणलं आणि मांडीवर झोपलेल्या मनीच्या गळ्यात घालून मोकळ्या झाल्या.

चाचांनी लगेच हरकत नोंदवली, "अण्णा, घंटी तो चूहे को भी सुनाई देगी ना!" ती हरकत प्रलंबित आहे.

निकालाची अंमलबजावणी मात्र चोख होते. दिवेलागणीला अण्णा फाटकात घड्याळ घेऊन उभे राहतात आणि बरोबर सात वाजता घुंगरू वाजवत मांजर आत येते. हॉटेलात ते सांगतात, "हुकूम स्पष्ट असला की जनावरसुद्धा मानतं." सात वाजता काकू स्वयंपाकघरात सुकटाचा डबा उघडतात, हे हॉटेलात कुणी बोलत नाही. मागच्या महिन्यात काकूंना साडेसहाच्या भजनाला जायचं होतं, म्हणून डबा सहालाच उघडला. मांजर सहाला आली. अण्णा मुदतीआधी हजर झाल्याबद्दल तिच्यावर खूश झाले. काकूंच्या मते आता भजन रोजच आहे, तेव्हा निकालात सातच्या जागी सहा असं लिहून टाकावं. अण्णा म्हणतात, तसं तोंडी चालत नाही, भोगवटादाराने रीतसर अर्ज करावा. काकूंनी अर्ज केला आहे. फक्त तोवर स्वतः अण्णांचंही जेवण सहालाच वाढलं जाईल, अशी त्यात एक अट घातली आहे.