परदेशवारी घरच्या घरी: ठाणे-कल्याण दर्शन, नवशिक्यांसाठी

पात्रता

ही मार्गदर्शिका पॅरिस, रोम किंवा प्राग पाहून आलेल्या आणि वर्षानुवर्षं फास्ट लोकलमधून ठाणं ओलांडणाऱ्या डोंबिवलीकरांसाठी आहे. रोममध्ये एका पडक्या खांबापायी तुम्ही उन्हातान्हात पायपीट केलीत, पाटी वाचलीत, शिवाय ती बायकोला समजावूनही सांगितलीत. कल्याणचा दुर्गाडी किल्ला मात्र भिवंडीला जाताना रिक्षातून दिसला तेवढाच. म्हणजे या विषयात तुम्ही नवशिकेच.

साहित्य

युरोपसाठी घेतलेले आणि सध्या माळ्यावर असलेले बूट, टोपी, पाण्याची बाटली. थेपले नकोत. तिकीट रीतसर काढावं, पास घरी ठेवावा. खिशात पास असला की पाय आपोआप ऑफिसकडे वळतात.

दिवस रविवारचा घ्यावा. मेगाब्लॉक असला तरी बिघडत नाही, कारण आज तुम्हाला कुठेही वेळेवर पोचायचं नाही. हे वाक्य मनात तीनदा म्हणावं. सुरुवातीला घाम फुटतो, नंतर सवय होते.

पायरी १: गाडी सोडणे

पकडणे नव्हे, सोडणे. फलाटावर उभं राहून समोरची गाडी जाऊ द्यावी. मागून धक्का आला तर बाजूला व्हावं, प्रतिधक्का देऊ नये. मग ठाण्याकडे जाणारी स्लो घ्यावी आणि खिडकी मिळवावी. मुंब्र्याला एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी असते. इतकी वर्षं तिथे पुढच्याची पाठ होती.

पायरी २: ठाण्याला उतरणे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथेच आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. मुंबईत त्या दिवशी सुट्टी होती. मंडळी ठाण्याला आली, तंबूत खाणंपिणं झालं आणि परत गेली. थोडक्यात, या मार्गावरचा पहिला प्रवास ही निव्वळ सहल होती. मस्टर नंतर आलं. तेव्हा आज आपण काही चुकीचं करतोय असं वाटू देऊ नये. मूळ परंपरा आपलीच.

पायरी ३: मान वर करणे

जांभळी नाक्यावरून कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन मासुंदा तलावावर यावं. पोर्तुगीज काळाशी नातं सांगणारं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च इथेच आहे. युरोपात दिसेल त्या चर्चमध्ये शिरून छताकडे पाहत होतात. तीच मान इथेही वळते. पुढे गडकरी रंगायतन. तिथे तुम्ही येऊन गेलेला असाल, पण तिसरी घंटा गाठायच्या नादात तलाव पाहायचा राहिला असेल.

पायरी ४: किल्ला

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. आतून पाहायची सोय आहे, पण त्यासाठी तिकीट चालत नाही, कलम लागतं. आपण तट बाहेरूनच पाहावा. १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. बाहेरचा मोतद्दार गाण्यातून पळायची वाट सांगत होता आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हतं, असं सांगतात. परमुलखात जाताना तिथली भाषा थोडी शिकून जावी, ती याचसाठी.

भूक लागल्यास मामलेदारची मिसळ. 'मध्यम' मागावी. 'तिखट' ही पायरी या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

पायरी ५: कल्याण

परतीची स्लो पकडून आपलं स्टेशन आलं तरी उतरू नये. ही परीक्षेची घटका. कल्याणहून शेअर रिक्षाने लाल चौकी आणि तिथून दुर्गाडी. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि याच खाडीकाठी मराठी आरमाराची उभारणी सुरू झाली.

बंदर मात्र त्याहून फार जुनं. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'कल्लिएना' येतं. त्यात तक्रारही आहे: इथला व्यापार अडवला गेलाय, चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. हा बहुधा कल्याणचा पहिला मेगाब्लॉक. पुढे मार्को पोलोनेही ठाण्याबद्दल लिहिलं आणि राजाचं चाच्यांशी साटंलोटं असल्याचं नोंदवलं. युरोपने आपली शहरं इतक्या बारकाईने पाहून ठेवलीत. राहिलो ते आपणच.

उतरताना गावातला खिडकी वडा खावा. मग डोंबिवलीला येऊन फडके रोडवर एक संथ चक्कर. ही मात्र तुम्हाला न शिकवता येते.

नेहमीच्या अडचणी

हात घड्याळाकडे जाणे: पहिल्या दिवशी चालतं.

ओळखीचं कुणी भेटणे: "इकडे कुठे?" या प्रश्नाला "शहर बघायला आलोय" असं खरं उत्तर देऊ नये. आपल्याकडे ठाण्यात बघायला आलेला माणूस एक तर मुलगी बघतो, नाहीतर टू बीएचके. तुमचं वय पाहता समोरचा दुसरं गृहीत धरतो आणि ओळखीच्या बिल्डरकडे घेऊन जातो. गेलात तर घाबरू नये. सॅम्पल फ्लॅटला एसी असतो, चहा मिळतो, बाल्कनीतून येऊरचा डोंगर दाखवतात आणि स्वच्छतागृहाला युरो पडत नाही. मोबाइल नंबर तेवढा देऊ नये.