मोजणारी कुदळ

कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या पोटात प्रकल्पाचा सगळा इतिहास असतो: कुठली ओळ कोणी कधी घातली, कोणी कधी उडवली. तो उपसायला 'गिट लॉग'ला 'एस' हा पर्याय जोडतात. त्याचं घरचं नाव पिकॅक्स, म्हणजे कुदळ. प्रत्यक्षात ही कुदळ खणत नाही, मोजते. दिलेला मजकूर एखाद्या फाइलमध्ये कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, आधी किती वेळा होता आणि नंतर किती वेळा आहे, एवढंच ती बघते. आकडा बदलला तर कमिट दाखवते, नाहीतर गप्प.

लग्नघरात वाट्या मोजणाऱ्या आत्याबाईंसारखं आहे हे. वाटी मांडणीवरून फडताळात गेली तरी मोजदाद बरोबर, मग त्यांच्या लेखी घरात काही घडलेलंच नाही! फाइलच्या डोक्यावरची ओळ कोणी तळाशी नेली, तर 'एस'ला तिचा पत्ता लागत नाही. त्यासाठी 'जी' पर्याय. तो कमिटमध्ये आलेल्या-गेलेल्या ओळींतच नमुना शोधतो, त्यामुळे हलवाहलवही पकडतो.

गिटच्या माहितीपत्रकात हा फरक नुसता सांगून भागत नाही. 'मजकूर शोधतो' असं लिहिलं की खोटं नाही, पण वाचणारा फसतोच. ज्याने कोणी तिथे एक उदाहरण घातलं, त्याला मी मनोमन नमस्कार करतो. 'हिट'ने सुरू होणारी ओळ गेली, 'रिटर्न'ने सुरू होणारी आली, 'फ्रॉट्झ' नावाच्या फंक्शनची हाक मात्र राहिली. ती हाक शोधायला गेलं तर 'जी'ला हा बदल दिसतो, 'एस'ला नाही. 'फ्रॉट्झ' आणि त्याच्यापुढच्या कंसातलं 'निटफॉल' हे दोन्ही शब्द इन्फोकॉमच्या १९८३ सालच्या 'एन्चँटर' या खेळातले मंत्र आहेत. पहिल्याने वस्तू उजळते, दुसऱ्याने जनावरांशी बोलता येतं. माहितीपत्रक वाचताना दोन्हींची गरज भासते.

'एस'चा खरा उपयोगही तिथेच लिहिलाय: कोडचा एक तुकडा द्यायचा, बदल सापडला की त्याआधीचं रूप पुन्हा 'एस'ला द्यायचं, असं मागे मागे जात मूळ गाठायचं. लिनक्सच्या गाभ्यात हा उद्योग केला तर मात्र बऱ्याच जुन्या ओळींचं मूळ १६ एप्रिल २००५ लाच सापडतं. गाभा १९९१ पासूनचा. पण तो गिटमध्ये आणताना त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मागचा इतिहास भरायचा खटाटोप केला नाही. त्यामुळे चौदा वर्षांत अनेकांनी लिहिलेलं सगळं त्यांनी एकट्याने एका शनिवारी दुपारी उरकलेलं दिसतं.