निष्कलंक ड्रायव्हर पाहिजे

बदलापूर गावातला एक होतकरू तरुण सध्या ट्रकवरच्या पहिल्या नोकरीच्या शोधात आहे. वय बावीस, अंगाने धडधाकट, लायसन 'हेवी'. आठवी पासची अट सरकारने २०१९ सालीच काढून टाकली, त्यामुळे शिक्षण आड यायचा प्रश्न नव्हता. आड आलं हेल्मेट, म्हणजे डोक्यावर नसलेलं. मोटारसायकलवरून स्टेशनकडे जाताना पकडला गेला आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-डी प्रमाणे लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. हे कलम सगळ्याच उघड्या डोक्यांना लावायचं ठरवलं तर आपल्या उड्डाणपुलावरची कोंडी एका दिवसात सुटेल. पण लागलं ते नेमकं यालाच.

तीन महिने सरले, लायसन परत मिळालं. डाग मात्र आरटीओच्या संगणकात बसला तो बसलाच.

मग मामाच्या ओळखीने मानकिवली एमआयडीसीच्या बाजूला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मुलाखत ठरली. (या धंद्यात बायोडाटा नसतो, 'कुणाचा पोरगा' एवढंच असतं.) शेठच्या टेबलावर बिल्ट्यांचा गठ्ठा, आणि तो उडू नये म्हणून त्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असलेल्या गुटख्याचा डबा.

"रेकॉर्ड एकदम क्लीन पाहिजे," शेठ म्हणाले. "आपलं मार्केटमध्ये नाव आहे."

नाव आहेच. ई-चलान गाडीच्या नंबरावर फाटतं आणि गाडी शेठच्या नावावर असते. स्टीअरिंगवर कोण होता, हे कॅमेऱ्याला कळत नाही. शेठ चलान भरतही नाहीत. लोकअदालत लागली की बघू, तिथे थोडंफार सुटतं, असं त्यांचं धोरण आहे. दारात उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीची नंबरप्लेट ग्रीसने माखलेली आणि दुसरीला मागचा दिवा नव्हता.

"शेठ, नुसतं हेल्मेट नव्हतं. ट्रकमध्ये हेल्मेट लागतंय कुठे?"

"आज हेल्मेट विसरलास, उद्या हँडब्रेक विसरशील. बरं, मला सांग, नऊ टनाच्या गाडीत माल किती घालतात?"

"नऊ टन."

"बघ. अनुभव नाही."

इथे कायद्याची थोडी ओळख करून घ्यायला हवी. जादा माल भरला तर वीस हजार दंड, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. तेवढ्यावर भागत नाही. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ साली राज्यांना बजावलं, की ओव्हरलोड गाडी सापडली तर ड्रायव्हरचं लायसन किमान तीन महिने निलंबित करा. म्हणजे भाडं शेठचं आणि निलंबन ड्रायव्हरचं. नोकरीला लागताना लायसन कोरं का लागतं, ते आता कळलं असेल. पुढे येणाऱ्या डागांना जागा नको का?

आमच्या उमेदवाराने शेवटचा उपाय म्हणून निबंध लिहून द्यायची तयारी दाखवली. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शेखाली दोन जीव गेले, तेव्हा बाल न्याय मंडळाने पहिल्या दिवशी जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध सांगितला होता. पुढे बोंबाबोंब झाली आणि आदेश फिरला. त्या गाडीची तर कायम नोंदणीही नव्हती. १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती. "मी सहाशे शब्द लिहितो," पोरगा म्हणाला. शेठनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बापाचा धंदा विचारला. बाप भाजीवाला निघाला. निबंधाचा विषय तिथेच मिटला.

अखेर मामाने तोडगा काढला. सुरुवातीला किन्नर म्हणून ठेवा. किन्नरला लायसन लागत नाही, त्यामुळे त्यावरचा डाग बघायचं कारण नाही. दिवसा टायर ठोकून बघायचे, ताडपत्री बांधायची, गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचं. रात्री कसारा घाट चढला की उस्ताद मागे आडवा होणार आणि नाशिकपर्यंत स्टीअरिंग याच्या हातात. पगार किन्नरचा.

शेठना हे पटलं. "पहाटे चारला ये," ते म्हणाले. "आधारची झेरॉक्स आण. आणि ते लायसन घरीच ठेव, कुणी बघितलं तर उगाच चौकशी नको."