बाटलीतली सदाफुली, अंगणातली सदाफुली

कर्करोगावरच्या वनस्पतींचे दोन वर्ग पडतात: गुण सिद्ध झालेल्या आणि शेजाऱ्यांनी सुचवलेल्या. पहिल्या वर्गाला झाडपाला म्हणण्याची पद्धत नाही. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन निघाले, पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. इरिनोटेकॅन हे कर्करोगावरचे औषध त्याच कुळातले, आणि या कीर्तीपायी नरक्याची बेसुमार चोरटी तोड झाली. मात्र अर्क शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून दिला की त्याचे नाव ‘केमो’ होते. मग त्या केमोच्या धास्तीने अंगणातल्या सदाफुलीची पाने चावली जातात.

दुसऱ्या वर्गात पहिला मान हळदीचा. काचेच्या बशीत हळदीतले कर्क्युमिन कर्कपेशी मारते. बशीत ब्लीचिंग पावडरही मारते. पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरते. 2017 साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ने 120 हून अधिक चाचण्यांचा हिशेब मांडला. कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली एकही चाचणी कर्क्युमिनला जिंकता आली नव्हती. हळदीने हे मनावर घेतलेले दिसत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये एका माजी क्रिकेटपटूने पत्नीच्या बरे होण्याचे श्रेय कच्ची हळद, कडुलिंब आणि लिंबूपाण्याला दिले, तेव्हा टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढावे लागले. शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. श्रेयाच्या पंगतीत त्यांचे पान मांडायचे राहिले.

आल्याची बाजू बरी. 2012 च्या अमेरिकी चाचणीत 576 रुग्णांपैकी आले घेणाऱ्यांची केमोनंतरची मळमळ कमी झाली, तीही उलटीवरची नेहमीची औषधे चालू असताना. मळमळीपलीकडे दावा नसल्याने आल्याला भक्तगण नाहीत.

‘अपाय तर नाही ना?’ हा युक्तिवाद फिनलंडमध्ये तपासला गेला. 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत गाजरात असणारे बीटा-कॅरोटिन गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला, हे 1994 साली प्रसिद्ध झाले. उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकॅनच्या रक्तातल्या सक्रिय रूपाचे प्रमाण 42 टक्क्यांनी घटवते, असे 2002 च्या एका छोट्या अभ्यासात दिसले.

कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने भारतात निषिद्ध आहे. त्यामुळे डबीवर ‘रोगप्रतिकारशक्ती’ एवढेच छापतात. उरलेले काम व्हॉट्सअ‍ॅप करते. दुसरे कोणते औषध चालू आहे का, या डॉक्टरांच्या प्रश्नाला मग ‘काही नाही’ असे उत्तर मिळते. काढा हे औषध नसते. तो नुसता कर्करोग बरा करतो.