आधी महाराष्ट्र, मग स्वातंत्र्य!

धाराशिव जिल्ह्याचा इतिहास संगणकात भरा, तारखा मात्र मजकूर म्हणून. मग चढत्या क्रमाने लावा. उत्तर येईल: 01-05-1960, 15-08-1947, 17-09-1948. म्हणजे आधी महाराष्ट्र झाला, मग देश स्वतंत्र झाला आणि मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटला तो सगळ्यात शेवटी!

बिचाऱ्या संगणकाचा दोष नाही. त्याला तारीख कळत नाही, अक्षरं कळतात. डावीकडचं अक्षर लहान, त्याचा नंबर आधी. उस्मानाबादचं धाराशिव झाल्यावर जिल्हा यादीत 'उ'वरून 'ध'वर गेला, तोच हा न्याय.

उपाय सोपा आहे. रकान्याला 'तारीख' हाच प्रकार द्या. नाहीच जमलं तर वर्ष, महिना, दिवस असं लिहा: 1948-09-17. सालाला शेवटच्या बाकावर बसवलं, की इतिहास असाच उलटा चालतो.